आधी त्यांना वाचून दाखव

दादा,

तेरावा झाला. पाहुणे पांगले. विमलवहिनी आता दुपारची वेळ कशी घालवावी या विचारात तुझी कपाटं उघडते आणि पुन्हा लावते. 'शेजार'च्या या अंकात तुझ्याबद्दल मी लिहावं, असं मुलांचं म्हणणं पडलं. मुलं म्हणजे तुझे दोन सहसंपादक, टक्कल पडायला लागलं तरी तुझ्या लेखी ती मुलंच. तुझा जन्म, शिक्षण, सरकारी नोकरी, ती सोडून साप्ताहिक काढणं, हे सगळं त्यांनी पहिल्या पानावर चौकटीत घातलं आहे. चौकटीत तू फारच शहाणा दिसतोस. माझा तसला काही विचार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलास, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

ज्यांच्या हातात 'शेजार' पहिल्यांदाच पडलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगते, तेवढा वेळ तू कान बंद कर. हैदराबादेतल्या मराठी माणसांसाठी निघणारं हे चार पानी साप्ताहिक. संपादक माझा थोरला भाऊ यशवंत. मी त्याची बहीण सुमन, सिटी सिव्हिल कोर्टात वकिली करते. आणि या संपादकाची एक अजब रीत होती. ज्याच्याबद्दल काही लिहिलं, त्याच्या घरी जायचं, समोर बसून ते वाचून दाखवायचं, त्याचं म्हणणं टिपून घ्यायचं आणि मगच दोन्ही छापायचं.

एका गणेशोत्सवातल्या नाटकावर तू लिहिलं होतंस की नायकाला भाषणं चोख पाठ होती, चेहरा मात्र घरी विसरून आला होता. आणि हे तू त्या नायकाच्याच घरी, त्याच्या बायकोने केलेले पोहे खात त्याला वाचून दाखवलंस! तो बिचारा म्हणाला, "तालमीला वेळच मिळाला नाही हो." तेही तू खाली छापलंस. तो माणूस पुढे आयुष्यभर तुझा वर्गणीदार राहिला. मी म्हणायचे, दादा, हे म्हणजे फिर्यादीने आरोपीच्या घरी जाऊन त्याला सावध करण्यासारखं झालं. तू हसायचास आणि म्हणायचास, "मागे बोलतो ती चुगली, सुमे. तोंडावर बोलतो ती बातमी." कोर्टात मला उत्तरं सुचायची, तुझ्यासमोर कधी सुचली नाहीत, आणि त्याचाही मला राग यायचा.

मग ते दिवस आले. देशाची दारं उघडली असं जो तो सांगत होता. दिलसुखनगरला एकेका इमारतीवर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या अशा लागल्या की खिडक्या दिसेनात. मोकळी जागा दिसली की तिला आधी पत्रे ठोकायचे आणि मग काचेच्या कॉम्प्लेक्सचं चित्र असलेला बोर्ड लावायचा. तुझ्या विद्यानगरच्या घरामागचं मैदानही असंच एका सकाळी पत्र्यांआड गेलं. तिथे पोरं क्रिकेट खेळायची, पेन्शनर चालायला यायचे, वहिनीचे पापड त्याच्या कडेला वाळायचे. तू महापालिकेच्या कचेरीत जाऊन नकाशा पाहून आलास. नकाशात ते मैदानच होतं. बांधणारा होता मल्लेशमचा मेहुणा, आणि मल्लेशम तेव्हा मंत्री होते. मल्लेशम हे नाव मी इथे बदलून लिहीत नाही, तुला ते चाललं नसतं.

तू लेख लिहिलास आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवायला त्यांच्या बंगल्यावर गेलास. पहारेकरी म्हणाला, "साब नई हैं." पुन्हा गेलास. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलास तर साहेब आंघोळीला. शेवटी तू लेख छापलास आणि खाली एक ओळ टाकलीस की मंत्रिमहोदयांचं म्हणणं घ्यायला गेलो होतो, भेट झाली नाही, झाली की त्यांचं म्हणणं छापू. आपले वाचक ते किती, पण कुणीतरी त्या पानाच्या झेरॉक्स काढून त्याच पत्र्यांवर डकवल्या. येणारेजाणारे थांबायला लागले. ज्यांना मराठी येत नव्हती ते येणाऱ्याला विचारून घ्यायला लागले. आणि मग निरोप आला, "साब बुलारे."

आपलं भांडण सुरू झालं ते इथे. मी म्हटलं, जायचं नाही. त्यांना आक्षेप असेल तर नोटीस पाठवू देत, उत्तर द्यायला मी बसले आहे. संपादक मंत्र्याच्या दारात हजेरी लावत नसतो.

"अगं, मी आपणहून जाऊन आलोय त्या दारात," तू म्हणालास. "आता ते बोलावतायत तर नाही कशाला म्हणू?"

"तेव्हा तू विचारायला गेला होतास. आता तुला बोलावणं आलंय. फरक आहे दादा."

"तो फरक मी तिथे गेल्यावर कसा वागतो त्यावर आहे. बोलावण्यावर नाही."

"आ बैल मुझे मार!"

"बैल आधीच आत आलाय सुमे, मैदानात चरतोय."

शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "सुमनवन्सं, हे ऐकणार नाहीत. तुम्हीपण सोबत जा." म्हणून मी आले. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, घरी बसून तुझी वाट बघणं मला जमलं नसतं म्हणून. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

त्या दिवाणखान्यात किती माणसं होती आठवतं? कार्यकर्ते, कंत्राटदार, बदलीसाठी आलेले, आणि नुसतेच बसलेले. मल्लेशम सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. समोर आपला अंक. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. माणूस चक्क गोड बोलत होता.

"आओ येशवंतराव साब. बैठो अम्मा. ये क्या लिखे साब आप? मेरेकु मराठी आती नई. एक आदमी एक बोलरा, दूसरा आदमी कुछ और बोलरा. आप लिखे, आपइच पढ़के सुनाओ."

सगळ्यांना गंमत वाटत होती. माणूस स्वतःच्याच तोंडाने स्वतःचा लेख या दरबारात कसा वाचतो ते बघायला सगळे सरसावून बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं. लेख मराठीत आहे, सांगायचं दखनीत, म्हणजे इथल्या हैदराबादी हिंदीत आहे, मधल्यामध्ये एखादा शब्द मऊ केला, एखादं वाक्य गाळलं, तर कोण पकडणार? अब्रूही राहील आणि घरीही जाता येईल. मी वकील आहे, मला असल्या वाटा पटकन दिसतात.

तू चष्मा लावलास. आधी मराठी वाक्य वाचायचास, मग तेच दखनीत सांगायचास. मराठीत 'मंत्र्यांचे मेहुणे' असं होतं, तिथे तू मान वर करून म्हणालास, "आपके साले साब." नकाशा, मैदान, कुणाच्या सहीने काम पुढे सरकलं, एकही शब्द खाली पडू दिला नाहीस. मग शेवटचं वाक्य आलं, 'कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?' तू दखनीत शब्द शोधत जरा थांबलास, "बाड़... बाड़इच खेत को खा गई तो..."

"कंचे चेनु मेसिनट्टु," मल्लेशम हळूच म्हणाले. "अंते गदा?"

म्हण तीच, तेलुगूत, आणि वर 'असंच ना?' त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी स्वतःच ते पुरं केलं. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला.

तू खिशातून पेन काढलंस. "अब आपका जवाब बोलो साब. अगले हफ्ते छापता मैं."

तेव्हा ते हसले, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. "सबको पहले सुनाते कत्ते आप, ऐसा सुना मैं. बहुत अच्छी आदत है. अब से मेरेकु बी हर हफ्ते पहले सुनाओ. मैं बोला ये लाइन नक्को, तो निकाल देना. बस, इतनाच. दोस्ती में."

आजूबाजूच्या माना डोलल्या. किती साधी मागणी! तुझीच रीत, तुझ्याच गळ्यात. तू पेनचं टोपण लावलंस आणि म्हणालास, "साब, मैं पूछने को सुनाता. इजाज़त लेने को नई."

मग चहा आला, आणि तू तो प्यालास! मी कपाला हात लावला नाही. येताना रिक्षात मी तुझ्यावर उखडले की त्या माणसाचा चहा कशाला घेतलास. तू म्हणालास, "आणला होता म्हणून." मला तेव्हा तुझी मान मुरगळावीशी वाटत होती आणि तुला घट्ट धरून बसावंसंही वाटत होतं. मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिले.

त्यानंतर तुला कुणी काही केलं नाही. केलं ते करीमभाईंना. कोठी भागातला त्यांचा छापखाना, मराठीचे टाईप असलेला, 'शेजार' तिथेच छापला जायचा. तिथे अचानक निरनिराळ्या खात्यांचे लोक यायला लागले. कागज़ बताओ, वायरिंग बताओ, लायसन बताओ. करीमभाई तुझ्याकडे आले ते डोळे वर न करता. "दो-चार हफ्ते रुक जाओ साब. मेरे बच्च्यां हैं." मी चिडले. तू मात्र त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलास आणि परत येऊन मलाच दटावलंस, "त्याच्यावर डोळे वटारणारे पुष्कळ आहेत. त्यात आपली भर नको."

दुसरा छापखाना मिळेना. जो तो उद्या या म्हणे. 'शेजार' संपला असंच मी धरून चालले होते. आणि एका रविवारी सकाळी तू जामबागेतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हाताने लिहिलेला अंक घेऊन उभा राहिलास आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलास. अग्रलेख, मैदानाची बातमी, सत्यनारायणाची आमंत्रणं, हरवलेल्या छत्रीची जाहिरातसुद्धा. पुढच्या रविवारी पुन्हा. आमच्यासारखी म्हातारी खोडं येतील असं वाटलं होतं, आली ती पोरं. घरात मराठी बोलणारी, पण वाचायला बसली की अडखळणारी. दिलसुखनगरच्या क्लासला जाणारी एक मुलगी तुला म्हणाली, "काका, 'शेजार' आमच्याकडे लहानपणापासून येतो. पण मी वाचलाच नव्हता. अक्षरं जुळवेपर्यंत बोअर होतं. आज पहिल्यांदा पूर्ण ऐकला." त्या दिवशी घरी आलास तो हवेतच. वहिनी म्हणाली, "घसा बसलाय, पण मिजास बघा यांची."

मी दर रविवारी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. तुला वाटायचं, मला उकडतं म्हणून. दादा, मी दारावर नजर ठेवून बसत होते. मला तुझ्या लेखातलं एक अक्षर ऐकू यायचं नाही. एकदा दोन धिप्पाड माणसं आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि माझा हात आपोआप पर्समधल्या छत्रीवर गेला. ती छत्री घेऊन मी काय करणार होते देव जाणे. थोड्या वेळाने त्यांतला एक तुझ्या विनोदाला बरोबर जागेवर हसला, आणि मी आयुष्यात कुणाच्या हसण्याने इतकी सुखावले नव्हते. तुझा अभिमान वाटतो हे मी तुला सांगायला हवं होतं. मी सांगायचे ते एवढंच, की मफलर घे, घसा सांभाळ.

पुढे करीमभाईच आले. "मशीन को जंग लगरा साब. मैटर लाओ." त्यांनी भीती कशी गिळली ते त्यांनी सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. 'शेजार' पुन्हा छापून निघायला लागला. रविवारचं वाचन तरीही तू चालूच ठेवलंस.

मैदान मात्र वाचलं नाही. ते कॉम्प्लेक्स उभं आहे. खाली बेकरी, वर कॉम्प्युटर क्लास, आता एक मोबाईलचं दुकान. क्रिकेट खेळणारी पोरं पुढे त्याच क्लासला गेली. मल्लेशम पुढची निवडणूक हरले, पण ते मैदानामुळे नाही, आपण उगीच श्रेय घेऊ नये. मी तुला विचारलं होतं, "एवढं करून काय मिळालं रे आपल्याला?" तू म्हणालास, "ते कोणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मी ते कुणाला विचारून सांगितलेलं नाही." बस. एवढीच आपली कमाई. त्यानंतर कॉम्प्लेक्सवरून जाताना मला तेवढा त्रास होईनासा झाला.

हॉस्पिटलमध्ये मी पुन्हा तो विषय काढला. तू कंटाळला होतास, तुला जरा खुलवावं म्हणून. म्हटलं, "काहीही म्हण, तू त्या बंगल्यावर जायला नको होतंस." तुझे डोळे चमकले. तू हात वर केलास, काहीतरी जोरदार सांगणार होतास, तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. "उद्या सांगतो," तू म्हणालास.

आता ऐक, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

तुझी शोकसभा जामबागेतल्या त्याच हॉलमध्ये झाली. मल्लेशम आले. गुडघे गेलेत त्यांचे, दोघांनी धरून जिना चढवला. न येऊनही चाललं असतं, तरी आले. तुझ्या फोटोला हार घालताना त्यांचे डोळे ओले होते, ते मी जवळून पाहिलं, आणि ते नाटक नव्हतं. मला भरून आलं. मग त्यांना बोलायला उभं केलं.

"येशवंतराव साब जैसा शरीफ एडिटर मैं देखा नई," ते म्हणाले. "मेरे खिलाफ लिखते थे, मगर छापने के पहले आके मेरेकु सुनाते थे. मैं बोलता था, साब, ये लाइन निकाल दो. निकाल देते थे. ऐसे समझदार लोगां अब कहाँ!"

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तुझ्या मुलांपैकी एक जण ते लिहून घेत होता, या अंकासाठी. दादा, मैदान गेलं तेव्हा मी गप्प बसले. पण ते वाक्य लिहून घेतलं जात होतं, आणि उद्या ते छापून आलं असतं, की तू समजूतदार होतास. मी उठले. शेजारच्या मावशींनी पदर ओढला, "जाऊ दे ग, मोठी माणसं आलीत, ही वेळ नाही." मग कोणती वेळ?

मी त्यांच्याच बोलीत म्हणाले, म्हणजे पुन्हा कुणी समजावून सांगायला नको. "साब, दादा आपके पास एकइच बार बैठे. छापने के बाद. मैं साथ में थी. एक लफ्ज़ नई निकाले वो."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "हौ, अम्मा? मेरेकु तो ऐसाच याद है." हात जोडले आणि बसले. मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. त्यांना नाही ऐकायची सवयच नव्हती, म्हणून ते नाही त्यांच्या आठवणीत टिकलंच नाही. नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं की मी शोकसभेचा विचका केला. वहिनीने मात्र घरी आल्यावर मला स्वतःच्या हाताने भात कालवून दिला.

इथवर लिहून झालं आणि माझ्या लक्षात आलं की या लेखात त्यांचं नाव आहे. मुलं म्हणाली, आत्या, असू द्या, त्यांना मराठी कुठे येते. मी साडी बदलली, रिक्षा केली आणि त्यांच्या बंगल्यावर गेले. कुणीही बोलावलं नव्हतं.

आता तिथे गर्दी नाही. ते एकटेच बसले होते, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून. मी हा लेख पहिल्यापासून वाचला, एक वाक्य मराठी, एक दखनी. कुंपणाच्या म्हणीपाशी त्यांचे ओठ हलले. शोकसभेपाशी त्यांनी डोळे मिटले. मी पेन काढलं आणि म्हटलं, आता तुमचं म्हणणं सांगा.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: "बाकी सब ठीक है अम्मा. वो शोकसभा का हिस्सा निकाल दो."

चहा आला होता. मी प्याले, दादा. तो भाग काढलेला नाही.